पैसे कोणी द्यायचे?

जुलैतली दुपार होती. दादरला छबिलदासच्या गल्लीतल्या पुस्तकांच्या दुकानात मी पावसाला आडोसा म्हणून शिरले आणि नेहमीप्रमाणे कथासंग्रहांच्या कपाटापाशी रेंगाळले. दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, लाद्यांवर चिखलाची पावलं, बाहेरून येणारा वडे तळल्याचा वास आणि फेरीवाल्यांच्या निळ्या ताडपत्रीवर पडणाऱ्या पाण्याचा एकसारखा आवाज. गल्ल्यापाशी एक मुलगा उभा होता. चोवीस-पंचवीसचा असेल. खांद्याला ऑफिसची बॅग आणि हातात दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं स्पायरल बाइंडिंगचं बाड. त्याने दुकानातल्या काकांना विचारलं, कादंबरी लिहिलीय, प्रकाशकाला भेटायचं तर कसं भेटतात? काकांनी तीन-चार पुस्तकं काढली, आतलं पान उघडून दाखवलं आणि म्हणाले, "हे पत्ते उतरून घे. आधी फोन कर, एकदम जाऊन धडकू नकोस." मुलाने मोबाइलवर फोटो काढले, बाड पुन्हा पिशव्यांत घातलं आणि निघता निघता अगदी साध्या आवाजात विचारलं, "काका, पैसे ते देतात की आपण द्यायचे असतात?"

काका जरा थांबले. "दोन्ही चालतं हल्ली," म्हणाले.

मुलाने मान डोलावली आणि स्टेशनच्या दिशेने गेला. त्याच्या चेहऱ्यावर ना आश्चर्य होतं ना नाराजी. त्याला माहिती हवी होती, ती मिळाली. काकांचं उत्तरही खरं होतं, मी त्यांच्या जागी असते तर तेच दिलं असतं. तरी परतीच्या गाडीत मुलुंड येईपर्यंत तो प्रश्न डोक्यात फिरत राहिला आणि त्यानंतरही गेला नाही. मी लिहायला लागले तेव्हा आम्हाला धास्ती असायची ती 'साभार परत'ची. कथेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आपणच पाठवायचं, आणि मग एके दिवशी पोस्टमनच्या हातात आपल्याच अक्षरातलं ते पाकीट दिसलं की पोटात गोळा यायचा. आत कधी छापील चिठ्ठी असे, कधी पेनने लिहिलेली एखादी ओळ. त्या एका ओळीवर आठवडे काढलेले लोक मला माहीत आहेत. पण पैसे आपणच द्यायचे का, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. दोन पैसे मिळतील की नाही, एवढाच काय तो घोळ असायचा.

मध्यंतरी मलाही एक पत्रक आलं होतं. गुळगुळीत कागद, छान मांडणी. मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, तीनशे प्रती, आयएसबीएन क्रमांक, प्रकाशन समारंभ, समारंभाचे फोटो, सगळ्याचा मिळून एक पाच आकडी भाव. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, आपल्याकडे केंद्र सरकारची संस्था विनामूल्य देते, तरी पत्रकात त्याची स्वतंत्र ओळ होती. मी फोन केला. पलीकडची मुलगी फार नम्र होती. मी विचारलं, कथा वाचून मग ठरवता का? ती म्हणाली, "मॅडम, पानं किती आहेत ते सांगा, मग कोटेशन पाठवते." तिची काहीच चूक नव्हती. तिच्या कामात वाचन येतच नव्हतं. दुसरा प्रकार याहून जुना आहे. तिथे प्रकाशक पैसे मागत नाही, पण दोनशे प्रती लेखकाने सवलतीत घ्याव्यात, अशी अट घालतो. मुंबईत ज्यांची घरं साडेचारशे चौरस फुटांची आहेत, अशा किती लेखकांच्या दिवाणाखाली, माळ्यावर, बाल्कनीतल्या पत्र्याच्या पेटीत हे गठ्ठे आहेत! पावसाळ्यात त्यांना दमट वास येतो. मग ती पुस्तकं वास्तुशांतीला, साठीच्या कार्यक्रमांना, ऑफिसातल्या निरोप समारंभांना भेट म्हणून जातात. भेट मिळालेलं पुस्तक माणसं आदराने हातात घेतात, पहिल्या पानावरची सही बघतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात.

यात प्रकाशकाला खलनायक करणं सोपं आहे आणि ते मला करायचं नाही. मी नोकरी केली ती सहकारी बँकेत. कर्जाच्या टेबलावर बसून छोट्या धंद्यांचे ताळेबंद बघितलेत, त्यात दोन-तीन प्रकाशकांचेही होते. पुस्तकविक्रेत्याला तीस-चाळीस टक्के सूट द्यायची, ग्रंथालयांना द्यायची ती वेगळी, कागदाचे पैसे रोख, छापखान्याचे महिन्याभरात, आणि विक्रेत्याकडून वसुली मात्र सहा महिन्यांनी, वर्षाने. गोदामाचं भाडं दर महिन्याला. एकेकाळी कथासंग्रहाचीही हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती निघायची, आता तीनशे-पाचशेवर आली. डिजिटल छपाईत पन्नासही काढता येतात. आता लेखकाची बाजू धरा. समजा पुस्तकाची किंमत 250 रुपये आणि मानधन दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे 25 रुपये. पाचशेची आवृत्ती पूर्ण संपली तरी हातात 12,500. तीही संपायला किती वर्षं लागतील ते कुणी सांगत नाही, आणि वर्षाअखेरी किती प्रती गेल्या याचा कागद न मागता पाठवणारे प्रकाशक मोजकेच. एक कथा माझ्याकडे दोन-दोन वर्षं पडून असते, अशा आठ-दहा कथांचं हे मोल. या आकड्यांत कोणी कोणाला लुबाडतंय असं नाही. पैसाच एवढा थोडा आहे की नुकसान कोणाच्या अंगावर टाकायचं, एवढाच प्रश्न उरतो. पूर्वी ते प्रकाशकाच्या अंगावर असायचं. आता ते गुपचूप सरकून लेखकाच्या अंगावर आलंय.

मराठी कथेने लेखकाचं पोट भरलं, असा काळ कधी होता का? माझ्या माहितीत नाही. जयवंत दळवी अमेरिकन माहिती खात्याच्या मुंबई कचेरीत नोकरी करायचे. व. पु. काळे महापालिकेत आर्किटेक्ट होते. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत. कवी नारायण सुर्वे पालिकेच्या शाळेत आधी शिपाई, मग शिक्षक. पगार कुठून तरी यायचा आणि लिहिणं त्यातून वाचवलेल्या वेळात व्हायचं. लोकलमध्ये, लंच टाइमला, मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ. ज्यांना असा पगार नव्हता, त्यांचं काय झालं हे अण्णा भाऊ साठ्यांकडे बघून कळतं. घाटकोपरच्या चिरागनगरमध्ये झोपडीत राहून त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचे पोवाडे आणि लावण्या गिरणगावाच्या तोंडी होत्या, पुस्तकं परभाषांत गेली, ते रशियाला जाऊन आले. आणि 18 जुलै 1969 रोजी, पन्नाशीही गाठली नसताना, ते हलाखीत गेले. 2002 मध्ये टपाल खात्याने त्यांच्या चित्राचं तिकीट काढलं. ते तिकीट चार रुपयांचं होतं. वाचक नव्हते म्हणून ते गरीब राहिले असं कोणी म्हणू शकणार नाही. वाचक उदंड होते. वाचकाच्या खिशातून निघालेला पैसा लिहिणाऱ्यापर्यंत जाण्याची वाटच धड नव्हती, आणि वाचकाच्या खिशातही तो फारसा नव्हता.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा तर हजारावर. त्या विकत घेणाऱ्यांपेक्षा भाड्याने नेणारे कितीतरी जास्त असावेत. आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर जिन्याखाली एक वाचनालय होतं. दिवसाला काही पैसे भाडं. पुस्तकांना खाकी कागदाची जाड कव्हरं, पानांच्या कडा हाताच्या मळाने काळ्या झालेल्या, आणि रहस्यकथेच्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने खुनी कोण ते लिहून ठेवलेलं. माझा भाऊ एकाच भाड्यात वाचून व्हावं म्हणून रात्री जिन्यातल्या दिव्याखाली बसायचा. एका प्रतीवर साठ-सत्तर माणसं वाचून जात असतील. जिन्याखालचं ते वाचनालय कधीच गेलं, तिथे आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. पण सार्वजनिक ग्रंथालयांमध्ये हेच चित्र मोठ्या प्रमाणावर आहे, आणि मला ते प्रिय आहे. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासूनचं. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर राज्यभर अ, ब, क, ड वर्गांतली हजारो ग्रंथालयं अनुदानावर उभी राहिली, आणि मराठी कादंबरीचा खरा गिऱ्हाईक बराच काळ तीच होती. माझं पुस्तक एखाद्या ग्रंथालयात सापडलं की मी ते उघडून शेवटच्या पानावरची तारखांच्या शिक्क्यांची पट्टी बघते. जांभळ्या शाईचे, वेडेवाकडे उमटलेले शिक्के. कोणी जानेवारीत नेलं, कोणी मे महिन्याच्या सुट्टीत. विक्रीच्या कुठल्याही हिशेबात ही माणसं नसतात, आणि लेखकाच्या दृष्टीने ती सगळ्यात खरी असतात. डेन्मार्कने 1946 मध्ये ग्रंथालयातल्या पुस्तकांबद्दल लेखकाला सरकारी तिजोरीतून मोबदला द्यायला सुरुवात केली, पुढे बऱ्याच देशांनी ते उचललं. आपल्याकडे तशी सोय नाही. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, आणि त्याच रात्री या शिक्क्यांची आठवण झाली. भाषेसाठी काही करायचंच असेल तर इथून सुरुवात करता येईल. शिक्के मोजायला फार मोठी यंत्रणा लागत नाही.

पण पैशाबद्दल एवढं बोलूनही मला त्या मुलाच्या प्रश्नातलं जे टोचतं, ते पैसे नाहीत.

गिरगावात खटाववाडीत मौज प्रकाशनाची कचेरी होती, 'सत्यकथा' मासिक तिथूनच निघायचं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या तिथल्या संपादकांची नावं माझ्या आधीच्या पिढीतले लेखक ज्या स्वरात घेत, त्यात दरारा आणि माया दोन्ही असे. कथा पाठवली की उत्तरादाखल पत्र यायचं, आणि त्या पत्रात कथेच्या मधल्या भागात काय ढिलं पडलंय, एखादं पात्र दाराबाहेर का उभं ठेवलंय, शेवट आधीच का कळतो, असं तपशीलवार लिहिलेलं असायचं. एका ज्येष्ठ कथालेखिकेने मला तिची जपून ठेवलेली पत्रं दाखवली होती. कागद पिवळा पडून घडीवर फाटत आलेला. तिने ती कथा चार वेळा लिहिली. "रडले, चिडले, आणि मग बसले लिहायला," म्हणाली. सत्यकथा 1982 मध्ये बंद पडलं. त्या संपादकांच्या टेबलाबद्दलही सगळ्यांना प्रेम नव्हतं, हे मी विसरत नाही. साठच्या दशकात याच शहरातल्या तरुण लेखकांना वाटलं की ते टेबल एका ठरावीक जगाचीच भाषा ओळखतं. चाळीतली, झोपडपट्टीतली, गावकुसाबाहेरची भाषा त्याला ऐकू येत नाही. त्यांनी सायक्लोस्टाइल करून, पदरचे पैसे घालून आपली लघुनियतकालिकं काढली आणि मराठी लेखनाचा नूर पालटला. म्हणजे स्वतःचे पैसे घालणं यात कमीपणा काहीच नाही. मी या मुद्द्याशी बरेच दिवस झटले, कारण माझं सगळं म्हणणं इथे कोसळतं की काय असं वाटलं. पण त्या अनियतकालिकांच्या गोष्टी ऐकल्या की लक्षात येतं, तिथे एकमेकांचं लिहिलेलं फाडून खाणारे मित्र होते. इराण्याच्या हॉटेलात एका चहावर रात्रीपर्यंत भांडणं चालायची. पैसे आपले होते आणि वाचणारी, नाकारणारी, पुन्हा लिही म्हणणारी माणसंही होती. पाच आकडी पॅकेजात नेमकी ही माणसं गाळलेली असतात. कोणीतरी आपले पैसे लावायचे म्हटले की त्याला वाचावं लागतं. लेखकच पैसे भरणार असेल, तर वाचायचं कारण उरत नाही.

ग्रंथालीचं उदाहरण मला म्हणून फार जवळचं वाटतं. 1974 मध्ये दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत ती सुरू केली. स्वतःला प्रकाशनसंस्था म्हणवण्याऐवजी वाचक चळवळ म्हणवलं. वाचकांनी आधी वर्गणी भरायची, मग पुस्तकं निघायची. नुकसान कोणी सोसायचं या प्रश्नाला त्यांनी तिसरंच उत्तर काढलं, ते थोडं थोडं हजारो वाचकांत वाटून टाकलं. 1978 मध्ये दया पवारांचं 'बलुतं' त्यांनी काढलं आणि दलित आत्मकथनांना वाट मिळाली. माझे वडील त्या सभासदांपैकी होते. गिरणीतले टाइमकीपर. घरात रेडिओ दुरुस्तीला पैसे नसायचे, पण ती वर्गणी भरली जायची. पुस्तकांचा गठ्ठा आला की सुतळी सोडून ते आधी नाकाशी धरायचे. आईने एकदा विचारलं, "न बघताच पैसे कसे भरता हो?" तर म्हणाले, "माणसं वाचून छापतात गं, म्हणून."

दिवाळी अंकांचंही असंच एक मोठं सामाईक खातं आहे. का. र. मित्रांनी 1909 मध्ये मुंबईतून 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथालेखकाचं वर्ष दिवाळीला संपतं. मे महिन्यात संपादकांचे फोन सुरू होतात, जुलैत तगादा, गणपतीत मुद्रितं. जाहिराती सहकारी बँकांच्या, सराफांच्या, बिल्डरांच्या, मसालेवाल्यांच्या. त्यांच्या जिवावर कथा छापून येते. मानधन कधी चांगलं, कधी नाममात्र, कधी फक्त अंकाची एक प्रत, आणि कितीदा तर प्रतही मागून घ्यावी लागते. चांगल्या अंकांतही पैसे सांगायला संपादक लाजतात आणि विचारायला लेखक. ही लाज आपण दोन्ही बाजूंनी सोडली पाहिजे असं मला फार वाटतं. प्लंबरला दर विचारताना आपण लाजत नाही. लेखक दर विचारतो तेव्हा समोरचा थोडा दुखावतो, साहित्यात व्यवहार आणला म्हणून. पण छापखाना, कागद, चित्रकार, मांडणी करणारा, सगळ्यांचा व्यवहार आधीच ठरलेला असतो.

दिवाळी अंकाने मला दिलं ते वेगळंच. कथेखाली मोबाइल नंबर छापतात. भाऊबीज झाली की फोन सुरू होतात. सकाळी सातला, दुपारी जेवणाच्या वेळी, रात्री साडेदहाला. "मी सांगोल्याहून बोलतोय, तुमची गोष्ट आत्ताच संपली." कोणी निवृत्त कंडक्टर, कोणी अंगणवाडी सेविका, कोणी नागपूरची प्राध्यापक. एका बाईंनी माझ्या कथेतल्या सुनेवर अर्धा तास वाद घातला. ती घर सोडून जाते ते त्यांना मान्य नव्हतं. "तिने चावी तरी ठेवून जायला हवं होतं," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी गॅस बंद करून, जमिनीवर बसून ऐकत होते. सून चावी घेऊन जाते याकडे माझं मीच इतकं बारकाईने पाहिलं नव्हतं. त्या बाईंनी अंक वाचनालयातून आणला होता, म्हणजे माझ्या कथेसाठी त्यांनी वेगळा एक रुपयाही मोजला नव्हता, आणि मी त्यांची जन्माची ऋणी आहे. वाचक आणि उत्पन्न या दोन गोष्टी एकत्र येतीलच असं नाही, हे त्या फोनने मला कुठल्याही हिशेबापेक्षा स्वच्छ दाखवलं.

हल्ली त्या एकत्र येण्याच्या नव्या जागा तयार झाल्यात. पुस्तकं ऐकवणारं स्टोरीटेल हे ॲप 2017 मध्ये भारतात आलं आणि मराठी पुस्तकं कानाने वाचणारी पिढी उभी राहिली. आमच्या सोसायटीतली पोळ्या करायला येणारी मावशी कणीक मळताना कादंबरी ऐकते. मुलाने तिला लावून दिलंय. मध्येच थांबून मला सांगते, "ताई, हा माणूस काही खरा नाही बघा." मोबाइलवर कथा लिहिण्या-वाचण्याचं प्रतिलिपी बेंगळुरूहून 2014 मध्ये सुरू झालं. तिथे भागाभागाने कथा लिहिणाऱ्या बऱ्याच बायका छोट्या गावांतल्या आहेत, घर सांभाळून मोबाइलवर अंगठ्याने टाइप करणाऱ्या. वाचक नाणी देऊन पुढचा भाग उघडतात. आमच्या साहित्यिक बैठकांत त्या लेखनाबद्दल नाक मुरडलं जातं, ते मला पटत नाही. त्यातलं बरंचसं लेखन घाईचं आहे, पुढचा भाग ओढण्यासाठी ताणलेलं आहे, हे खरं. पण तिथे पैसा वाचकाकडून लेखिकेकडे जातो. माझ्या ओळखीची बदलापूरची एक मुलगी त्या पैशांतून धाकट्या भावाची फी भरते. कथेच्या पैशांतून फी भरलेली मी आयुष्यात प्रथमच पाहिली. तिला मी विचारलं, तुझं लिहिलेलं कोणी तपासतं का, सुचवतं का? ती म्हणाली, "वाचक लगेच सांगतात ना, हिरोला लवकर आणा म्हणून." मग जरा वेळाने म्हणाली, "पण ताई, वाक्य कसं झालंय हे कोणीच सांगत नाही."

मालिकांचं जग मी फक्त एका मित्राच्या डोळ्यांनी पाहिलंय. उत्तम कथाकार. गेली काही वर्षं गोरेगावात संवाद लिहितो. एपिसोडप्रमाणे पैसे, तेही तीन महिन्यांनी, पण येतात. घराचा हप्ता त्यावर चालतो. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की पुढच्या आठवड्याचं कथानक बदलतं. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने पडद्यासाठी लिहिणाऱ्यांना रॉयल्टीचा जो हक्क दिला, त्याबद्दल तो पोटतिडकीने बोलतो. करार कसे वाचायचे हे मला त्यानेच शिकवलं. पुस्तकाच्या करारात ऑडिओचे हक्क, अनुवादाचे हक्क, चित्रपटाचे हक्क वेगळे लिहून घ्यायचे, मुदत घालायची, आवृत्ती किती प्रतींची ते अंकात आणि अक्षरात लिहायचं. नव्या लेखकांना हे सगळं कोणी सांगत नाही. साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देणारी योजना आहे, प्रभादेवीला रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत मंडळाची कचेरी आहे, हेसुद्धा कितीजणांना ठाऊक नसतं. तिथे हस्तलिखित तज्ज्ञांकडे जातं. म्हणजे निदान कोणीतरी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतं.

मुलुंडला आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमतो. नवी कथा मोठ्याने वाचायची आणि मग वाचणाऱ्याने गप्प बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं, हा नियम आहे. जमणाऱ्यांपैकी निम्मे काहीच लिहीत नाहीत, नुसते वाचणारे आहेत. त्यांच्या आग्रहावरून दुसरा नियम झाला, की आपल्यातल्या कोणाचं पुस्तक आलं तर ते प्रत्येकाने दुकानातून, पूर्ण किमतीला विकत घ्यायचं, भेट घ्यायची नाही. पहिल्यांदा हे जरा कोरडं वाटलं होतं. पण पैसे दिलेली माणसं किती वेगळ्या हक्काने बोलतात! "एकशेदहाव्या पानावर तुम्ही मला फसवलंत," असं एक जण मला तोंडावर म्हणाले. फुकट मिळालेल्या पुस्तकाबद्दल असं कोणी कधी बोललं नव्हतं.

यंदा एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा जूनमध्ये फोन आला. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत, मला ताई म्हणतात. कथा आवडल्याचं सांगितलं, मानधनाचा आकडा न विचारता सांगितला, दिवाळीनंतर महिन्याच्या आत खात्यात येईल म्हणाले. आणि लगेच म्हणाले, "पण ताई, हॉस्पिटलमधली दोन पानं काढा. तिथे तुम्ही थांबलात, कथा पुढे निघून गेली." मला राग आला. ती दोन पानं मी सगळ्यात जास्त जीव लावून लिहिली होती. काल रात्री ती काढून कथा पुन्हा सलग वाचली आणि त्यांचं बरोबर आहे हे कळलं. फक्त त्या पानांत आईच्या तोंडी एक वाक्य आहे, नर्सला उद्देशून, ते गेलं तर शेवटी मुलगा गावी का जातो ते कळत नाही. ते वाक्य मी आता दोन प्रसंग आधी, रिक्षात घातलंय. त्यांना ते तिथे आवडेल की नाही, माहीत नाही. आज दुपारी फोन करून सांगणार आहे की पानं काढली, पण आईचं वाक्य राहील, आणि त्यावर वाद घालायची माझी तयारी आहे.